हळद, चुना आणि रामटेकेसाहेब

रामटेकेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीपाशी जायचे. दाराशी चपला काढल्या की घरातली माणसं ओलांडून थेट खिडकी. तिथे गुडघे टेकायचे, चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला हाताची मागची बाजू लावायची, डोळे मिटून जरा थांबायचं आणि मग उठून सगळ्यांना नमस्कार. नवीन माणसाला वाटायचं, कुणी भाविक गृहस्थ दिसतात. तसे ते कशाचेच भाविक नव्हते. ते ओल बघत असत. तळहात काम करून जाड होतो, त्याला काही कळत नाही. आई पोराचा ताप बघते तसं उलट्या हातानेच बघायचं, असं त्यांचं म्हणणं. "कोरडं आहे" म्हणाले तर चहा घेऊन जायचे. नुसतं "हं" म्हणाले तर चहा निवायचा, कारण पुढचं वाक्य "जरा पेचकस आहे का जी?" हे असायचं. पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर.

मी काही फार शिकलेली बाई नाही. लग्नाआधी जी काय शाळा झाली तेवढीच. पण दिल्लीतल्या चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना माहीत नाही ते खिडकीबद्दल मला माहीत आहे, आणि ते सगळं रामटेकेसाहेबांमुळे. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं.

आमचे हे बँकेत होते. आम्ही तेव्हा दिल्लीत मुनिरक्याला भाड्याने राहायचो आणि रस्त्यापलीकडच्या सरकारी क्वार्टरमध्ये रामटेके राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. सरकारी बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले आणि क्वार्टरांची देखभाल बघता बघता तिथेच म्हातारे व्हायला आले. गंमत बघा, देखभाल बघायचे ते, आणि कॉलनीतली सगळ्यात ओली भिंत त्यांच्याच बेडरूमची. कारण सरळ होतं. दुसऱ्याची तक्रार आली की ते दुरुस्ती करून घेत. स्वतःच्या घराचं काम स्वतःच मंजूर कसं करायचं, म्हणून रीतसर वर अर्ज करत. वरून तो अर्ज "जागेची पाहणी करून अहवाल द्यावा" असा शेरा घेऊन खाली यायचा, आणि पाहणी करणारा माणूस म्हणजे रामटेकेच. मग ते आपल्याच बेडरूमची पाहणी करत, "ओल आहे" असं लिहून पुन्हा वर पाठवत. असं किती वर्षं चाललं ते विचारू नका.

त्या भिंतीला टेकून शालूताईंचा पलंग होता. शालूताई म्हणजे त्यांची बायको. त्यांना दमा. एरवी हसती-बोलती बाई, पण बरसात सुरू झाली आणि भिंतीला काळी बुरशी धरली की आडवं पडायची सोय नाही. पाठीशी तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपायच्या. एका वर्षी तर श्वास इतका कोंडला की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. डॉक्टरांनी साहेबांना बाहेर नेऊन सांगितलं, औषधं मी देतो, पण ओल बंद करा. असे आणखी दोन पावसाळे हिला निघणार नाहीत. साहेब घरी आले आणि त्यांनी अर्ज केला नाही. गुडगावला प्लॉट बघायला गेले.

तेव्हा त्याला कुणी गुरुग्राम म्हणत नव्हतं. मोहरीची शेतं, मध्येच एखादी काचेची इमारत, आणि दोन्हींच्या मध्ये म्हशी. देशात नवीन नवीन सगळं खुलं झालं होतं. परदेशी टीव्ही आले, परदेशी गाड्या आल्या, आणि घरांना काच आली. पूर्वी खिडकी म्हणजे खिडकी असायची, गज, दोन फळ्या. आता ज्याला त्याला जमिनीपासून छतापर्यंत काच पाहिजे, हॉटेलात असते तशी. आम्ही आणि रामटेक्यांनी एकाच गल्लीत, समोरासमोर घरं बांधायला काढली. साहेबांचा विचार होता, शालूताईंच्या खोलीला एकच छोटी खिडकी, उंचावर, वर मोठी छपरी. शालूताई म्हणाल्या, "मला खाली ते वर काच पाहिजे. पूर्वेला."

"पूर्वेला काहून? इथला पाऊस पूर्वेकडूनच येते."

"ऊनपण पूर्वेकडूनच येतं."

"शालू, मोठी खिडकी म्हणजे मोठी फट."

"तीस वर्षं मी भिंतीकडे बघत खोकले," शालूताई म्हणाल्या. "आता मी बाहेर बघीन. कोरडं ठेवायचं काम तुमचं. इंजिनिअर तुम्ही आहात ना?"

हे माझ्यासमोर झालं, चहाचा कप हातात असताना. साहेबांनी एकदा पूर्वेकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे." त्या दिवसापासून त्या माणसाला दुसरा विषय उरला नाही.

खिडक्यांचा ठेकेदार होता खुराना म्हणून. गळ्यात सोन्याची साखळी, हातात फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी. "सर जी, इंपोर्टेड माल है, दस साल की गारंटी."

"और आपकी कंपनी कितने साल की है?"

"डेढ़ साल, सर जी."

साहेबांनी मान डोलावली. खिडकी बसली. एप्रिल महिना, कडकडीत ऊन. खुराना म्हणाला, आता थेट पावसाळ्यात बघू. साहेब म्हणाले, नाही, आज बघू.

आता त्यांची ती पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नुसतं पाणी मारून उपयोग नसतो. उन्हाळ्यात ओल दहा मिनिटांत वाळते आणि ठेकेदार म्हणतो, कुठाय पाणी? फारच झालं तर म्हणतो, काचेला घाम आला असेल. म्हणून साहेब आतल्या बाजूने चौकटीच्या कडेकडेने चुन्याची पांढरी रेघ ओढायचे, बोटभर रुंद, आणि ती वाळू द्यायचे. मग बाहेरून पाइपने पाणी मारायचं, पण पिंपात हळद कालवून. पाणी जिथून आत येईल तिथे हळद चुन्याला भेटते आणि रेघ लालभडक होते. पाणी वाळतं, लाल वाळत नाही. ही अक्कल त्यांना कॉलेजात मिळाली नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी शर्टावर वरण सांडलं, शालूताईंनी साबण लावला आणि डाग लाल झाला, तेव्हा बाईंनी शर्टाची काळजी केली आणि साहेबांनी वहीत नोंद केली.

हळदीचं पिंप बघून खुराना हसला. "सर जी, किसकी शादी है?"

साहेबांनी अर्धा तास पाणी मारलं. आत येऊन बघतात तर पाच जागी लाल. खुरानाने सवयीने म्हटलं, "सर जी, पसीना है. काँच को पसीना आता है."

"हल्दी का पसीना?" साहेब म्हणाले. चेहऱ्यावर काही नाही. त्यांना खरंच माहिती हवी असावी असा चेहरा.

खुरानाने सगळीकडे सिलिकॉन थापलं. पुन्हा पाणी, पुन्हा लाल, फक्त जागा बदलल्या. तिसऱ्यांदाही तेच. हे होईतो वैशाखी पौर्णिमा दोन दिवसांवर आली. त्या दिवशी राहायला जायचं ठरलेलं, नागपूरहून पाहुणे गाडीत बसलेले. साहेब खिडकीसमोर स्टूल टाकून तासभर बसले. मग उठून खुरानाला म्हणाले, "निकालो."

"क्या निकालो?"

"पूरी. चौखट समेत."

शालूताईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सांगून बघा, माझं ऐकत नाहीत. आत्ता राहू द्या, पाऊस आला की बघू." मी सांगून बघितलं. साहेब म्हणाले, "वहिनी, पाऊस आला की मी खिडकी बघू की शालूला?"

तर त्या घराचा गृहप्रवेश भिंतीतल्या आठ बाय दहा फुटांच्या भोकासकट झाला. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती लूच्या गरम वाऱ्याने तीनदा विझली, चौथ्यांदा कंदिलाची काच तिच्यावर ठेवली. वंदना चालू असताना शेजारच्या प्लॉटवरची म्हैस त्या भोकाशी येऊन उभी राहिली आणि खीर होईपर्यंत हलली नाही. शालूताईंचे भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, तीस वर्षं इंजिनिअर होते ना तुम्ही दिल्लीत? घराला भिंत लावायची राहिली वाटते."

"लावली होती," साहेब म्हणाले. "काढली."

"काहून बाप्पा?"

"ओली होती."

भाऊंनी बाहेर बघितलं. ऊन असं की रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "भाऊजींची तब्येत ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी साहेब बाजारात गेले आणि छाज घेऊन आले. छाज म्हणजे आपलं सूप. ते त्यांनी खुरानाच्या मिस्त्रीपुढे ठेवलं आणि म्हणाले, खिडकीच्या खाली मला हे पाहिजे. मिस्त्री हरियाणाचा, त्याला छाज ठाऊक, खिडकीही ठाऊक, पण दोन्ही एकत्र ठाऊक नव्हतं. साहेबांनी सुपात तांब्याभर पाणी ओतलं. सूप किंचित कललेलं. तीन कडा उंच, चौथी उघडी. पाणी कडांना आपटलं आणि उघड्या बाजूने बाहेर गेलं. "ऐसा," साहेब म्हणाले. मग तसाच पत्रा वळवून घेतला. आतली कड उंच, दोन्ही बाजूंच्या कडा उंच, बाहेरची उघडी. खिडकीखालचा सिमेंटचा ओटा फोडून त्याला बाहेरच्या अंगाला उतार दिला, त्यावर ते पत्र्याचं सूप, त्यावर खिडकी. वर छपरीच्या खालच्या अंगाला एक खाच, म्हणजे पाणी वळून भिंतीकडे न येता तिथेच टपकावं. सिलिकॉन सगळ्यात शेवटी, बारीक, डोळ्यांत काजळ घालतात तेवढंच.

पुन्हा चुना, पुन्हा हळद. एक तास पाणी. रेघ पांढरी. साहेब खुरानाला म्हणाले, "अब चाय पियो."

आमच्या घरीही मग खिडकीखाली सूप बसलं, आणि इथे माझी फजिती सांगायला हवी. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि आमच्या हॉलमध्ये पाणी. साहेब आले, हात लावला, "हं" म्हणाले. चहा राहिला. चौकट आतून बघितली, वरून बघितली, मग छत्री न घेता बाहेर जाऊन उकिडवे बसले. बऱ्याच वेळाने हाक आली, "वहिनी, इथली भोकं कुठं गेली?"

चौकटीला बाहेरून खाली तीन बारीक भोकं होती. मी म्हटलं, "बुजवली. मेण घालून."

"काहून?"

"मुंग्या यायच्या त्यांतून. साखरेच्या डब्यापर्यंत रांग लागायची."

साहेबांनी वर बघितलं. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "मग द्यायची होती ना जी थोडी साखर."

हे आत हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी झाडूची काडी मागितली आणि एकेक भोक मोकळं केलं. तिन्हीतून पाण्याची बारीक धार लागली. मग आत येऊन, टॉवेल खांद्यावर टाकून, मला समजावलं: चौकटीत पाणी येणारच, कितीही चिकटवा. ते काही तुमच्याकडे राहायला येत नाही, जायला येतं. तुम्ही त्याचं जायचं दार लावलं, म्हणून ते हॉलमध्ये बसलं. "आणि पाण्याला सुट्टी नसते वहिनी. ते सरकारी नाही."

त्या दिवसापासून आमच्याकडे मुंग्यांसाठी बशीत साखर वेगळी ठेवतात. अजूनही.

आता आहुजा भाभींचं ऐका. आमच्या शेजारच्या. त्यांनी गच्चीवरून हा सगळा प्रकार पाहिला होता. चुन्याची रेघ, हळदीचं पाणी, लाल रंग, आणि खिडकीपुढे डोळे मिटून बसलेले साहेब. त्यांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. एके दिवशी माझ्याकडे आल्या. "भाभी जी, वो जो आपके मराठी लोगों में काँच की पूजा होती है ना, हल्दी वाली, हमारे यहाँ भी करवा दीजिए. पंडित जी से पूछ लिया है, सोमवार ठीक है."

मी म्हटलं ती पूजा नाही, तपासणी आहे. "हाँ हाँ, वही," त्या म्हणाल्या.

साहेबांना सांगितलं. वाटलं, चिडतील. आयुष्यभर मुहूर्त न बघितलेला माणूस. ते म्हणाले, "सोमवारी मला वेळ आहे."

गेले. मीही गेले, बघायला. आहुजांनी नातेवाईक बोलावले होते, जमिनीवर चादरी घातल्या होत्या, एका ताटात नारळ. पिंपात हळद भाभींनी स्वतःच्या हाताने घातली, वर गुलाबाच्या पाकळ्या. साहेबांनी पाकळ्या तेवढ्या काढून बाजूला ठेवल्या, कारण पाइपमध्ये अडकतात. पाणी मारलं. आतून गलका झाला. रेघ तीन ठिकाणी लाल. भाभींनी हात जोडले.

साहेब म्हणाले, "तीन जगह से पानी आएगा."

"जी, जी. शुभ है."

"शुभ नहीं है, लीक है."

"आपका आशीर्वाद है, रामटेके जी."

साहेबांनी तिसऱ्यांदा सांगून बघितलं, मग नारळ घेऊन घरी आले. शालूताईंनी विचारलं, काय झालं? "लीक आहे म्हटलं. नारळ दिला."

महिन्याभराने पुरवाई सुटली, पूर्वेचं वारं आणि त्याच्याबरोबर आडवा पाऊस, आणि आहुजांकडे बरोब्बर त्या तीन जागांतून पाणी आलं. झालं. गल्लीभर बातमी, रामटेके जी को पहले ही दिख गया था. लोक घरी यायला लागले. कुणाच्या मुलाचं कॅनडाचं काम अडलं होतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. एका आजोबांनी तर पाय धरले. साहेबांनी त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "घर में सीलन है?" आजोबा म्हणाले, ओल आहे. साहेब पेचकस घेऊन त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा कपाळावर कुणी तरी टिळा लावलेला. "मी इंजिनिअर आहे हो वहिनी," मला म्हणाले, "माझ्या अंगात येत नाही." आणि शर्टाच्या बाहीने टिळा पुसला. हळदीचाच होता.

पण हे सगळं चालू असताना त्यांचं लक्ष एकाच जागी होतं. शालूताईंच्या खोलीत एक भिंतीवरचं कॅलेंडर होतं. पाऊस पडला की साहेब खिडकीला हात लावत आणि त्या तारखेच्या चौकोनात "को" लिहीत, कोरडं म्हणून. शालूताई चिडवायच्या. "वहिनी, मला कधी विचारत नाहीत, कसं वाटतं म्हणून. चौकटीला विचारतात." साहेब ऐकून घ्यायचे. त्या "को"च्या खाली आणखी एक बारीक आकडा असायचा. जुलैभर तीन, तीन, तीन. ऑगस्टमध्ये मध्येच एकदा दोन. मग पुन्हा तीन. आम्हाला वाटायचं, तास असतील किंवा पावसाचं माप असेल. एकदा शालूताईंनी मागची पानं चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं. सकाळी त्यांचं अंथरूण साहेब आवरायचे. तो आकडा उशांचा होता. आदल्या रात्री किती उशा लागल्या.

त्यांनी साहेबांना तसं काही बोलून दाखवलं नाही. मला सांगितलं, तेही भाजी निवडताना, मान खाली घालून. "आणि मी चौकटीवरून बोलत होते," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "देठ काढा वहिनी, तुम्ही पानं टाकताय."

पुढे आमचे हे गेले, आणि मुलगी मला पुण्याला घेऊन जायला आली. निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला समोर गेले. पाऊस जोरात होता, नेमका पूर्वेचा. दार उघडंच होतं. हाक मारली, कुणी बोललं नाही. आतल्या खोलीत गेले तर शालूताई झोपल्या होत्या. आडव्या, कुशीवर, तोंड काचेकडे करून. डोक्याखाली एक उशी. मी बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. पाठ हळूहळू वर जात होती, खाली येत होती. काही आवाज नव्हता.

काचेच्या पलीकडे साहेब. छत्री नाही, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात झाडूची काडी. उकिडवे बसून चौकटीच्या खालची भोकं साफ करत होते. मी दिसले तसे थांबले. मी हात जोडले, निघाले म्हणून खूण केली. त्यांनी ते बघितलं की नाही कोण जाणे. काडी दाखवून खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि मान वर उडवली. कोपरा काय म्हणतोय?

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. कोपऱ्यात बोट फिरवलं आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली.

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. स्वतःचा हात उलटा करून दाखवला. पाणी कोपरापर्यंत वाहत होतं.

मी हात उलटा केला आणि चौकटीला लावला. डोळेसुद्धा मिटले. मग त्यांच्याकडे बघून तोंड मोठं करून, आवाज न करता, कारण शालूताई झोपल्या होत्या, म्हटलं, "कोरडं."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या भोकाकडे सरकले.